चौथं फुलपात्र

झुंबरबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट त्या कधी लपवूनही ठेवत नसत. कसबा बावड्यातल्या त्यांच्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की शेजारणी आधी तीन गोष्टी सांगायच्या. पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी कधी येते, आणि झुंबरबाई काही बोलल्या तर मनाला लावून घ्यायचं नाही.

गिरणीत दळण ठेवून घरी जाणाऱ्या बायका त्यांना शुद्ध वेड्या वाटत. त्या स्वतः गिरणीच्या तोंडाशी पदर खोचून उभ्या राहायच्या. आधीच्या बाईची ज्वारी आपल्या गव्हात उतरू नये म्हणून पहिलं मूठभर पीठ वेगळं काढायला लावायच्या, आणि ते पीठसुद्धा पुडीत बांधून घरी आणायच्या. गिरणीवाल्याला का म्हणून सोडायचं? देवळात फोडलेला नारळ परत मिळाला की दोन्ही वाट्या एकमेकींवर बसवून बघायच्या, आपलाच आहे ना. पुजारी त्यांना बघितलं की आधीच हात जोडायचा.

तुपाच्या बरणीवर तर त्यांची कायमची रेघ असायची. चुन्याचं बोट घेऊन तुपाच्या पातळीला बाहेरून ओढलेली. तूप वापरलं की जुनी रेघ पुसायची, नवी ओढायची. यातलं हसण्यासारखं सगळं हसून झाल्यावर एक गोष्ट सांगायला हवी. झुंबरबाईंची आई त्या पाच वर्षांच्या असताना गेली, आणि त्या चुलतीच्या हाताखाली वाढल्या. नवव्या वर्षी चुलतीच्या गाडग्यातलं तूप कमी झालं. खाल्लं होतं चुलतीच्या थोरल्या पोरानं, आणि मार मिळाला झुंबरला, तोही भरल्या गल्लीत. त्या दिवशी तिच्या मनात एकच आलं, की गाडग्याला रेघ असती तर मी सकाळीच दाखवलं असतं, माझ्या हातनं घेतलंच गेलं नाही. तेव्हापासूनची ती रेघ त्यांच्याबरोबर सासरी आली. पुढं सासष्ट वर्षांच्या झाल्या तरी ती सुटली नव्हती.

आता नानकटाईचं.

घरोघरी ओव्हन यायच्या आधी बावड्यात दिवाळीची नानकटाई भट्टीवर व्हायची. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडे, सगळं ज्याचं त्यानं घरून न्यायचं. बेकरीवाल्यानं ते फेसून, मळून, पत्र्यावर लावून भाजून द्यायचं. आकारामची भट्टी मारुतीच्या देवळामागं होती. वसुबारसेच्या आधी आठवडाभर तिथं बायकांची रीघ लागायची. डबे, पिशव्या, कडेवरची पोरं, आणि प्रत्येकीच्या पत्र्यावर तिच्या नावाची चिठ्ठी. बेकरीवाला आपल्या तुपावर हात मारतो ही शंका सगळ्यांनाच असायची, पण बाकीच्या बायका गप्पांत रमायच्या. झुंबरबाई रमत नसत.

त्यांच्या घरचं माप ठरलेलं होतं. आठ फुलपात्रं पीठ, चार साखर, चार तूप. हे माप सासूबाई चिमणाबाईंचं. मापाची फुलपात्रंही ठरलेली, पितळेची चार, प्रत्येकावर नाव घातलेलं. त्यातलं एक चिमणाबाईंच्या लेकीच्या बारशाला आलेलं, त्यावर ठिपक्याठिपक्यांनी 'हौसा' असं कोरलं होतं. चिमणाबाईंचे गुडघे धरले आणि भट्टीवर जायचं काम सुनेकडं आलं, त्या वर्षी झुंबरबाईंनी डबा भरताना विचार केला. चार फुलपात्रं तूप एकदम दिसलं की कुणाच्याही मनात पाप येणार. एखादं फुलपात्र उडालं तरी कळायचं नाही. तीनच नेलं तर कमी पडलेलं लगेच डोळ्यांत भरेल. त्यांनी तीनच नेलं.

भट्टीवर त्या पालथ्या खोक्यावर बसल्या, डबा मांडीवर घेऊन. आकारामनं परात पुढ्यात आणली तेव्हा स्वतःच्या हातानं डबा पालथा केला, कडेचं तूप बोटानं निपटून घेतलं, आणि रिकामा डबा पुन्हा मांडीवर घेतला. आकाराम खालच्या मानेनं फेसत होता. नानकटाई आली ती इतकी खुसखुशीत, की जिभेवर ठेवली आणि विरघळली.

झुंबरबाईंना जग जिंकल्यासारखं झालं. घरी येऊन त्यांनी चिमणाबाईंसमोर पत्रा ठेवला.

"बघा आत्या! तीनच नेलं. तरी तुमच्यागत झाली का न्हाय? म्हंजे इतकी वर्सं चौथं फुलपात्र त्येच्या पोटात जात हुतं."

चिमणाबाईंनी एक नानकटाई तोडून तोंडात टाकली, आणि म्हणाल्या, "असंल बाई. हुशार हाईस तू."

तेव्हापासून घरचं माप तीनचं झालं. ही हकिकत झुंबरबाईंनी निदान शंभर जणींना तरी सांगितली असेल.

सुख मात्र निर्भेळ नव्हतं. बाहेरचा चोर सापडला आणि त्याच सुमाराला घरातला दिसायला लागला. दर दिवाळीच्या तोंडावर बरणीतलं तूप रेघेच्या खाली जायचं. फार नाही, दोन बोटं. पोरं लहान, नवरा तुपाला हात न लावणारा. राहता राहिल्या सासूबाई. आणि सासूबाईंची लेक हौसाबाई कोडोलीला दिलेली, घरची बेताची. झुंबरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. एकदा चिमणाबाई "देवळात जाऊन येते" म्हणून पदराखाली काहीतरी घेऊन निघाल्या, तेव्हा झुंबरबाई मागोमाग गेल्या. म्हातारी खरंच मारुतीच्या देवळाकडं वळली. म्हणजे कोडोलीचं कुणीतरी तिथं येऊन घेऊन जात असणार. झुंबरबाई घरी परतल्या आणि गप्प बसल्या. सासूला तोंडावर चोर म्हणायची त्यांची छाती झाली नाही, पण हौसाबाई दिवाळीला माहेरी आली की तिच्या ताटात वाढताना त्यांचा हात आखडायचा.

वीस वर्षं असंच चाललं. मग चिमणाबाई गेल्या, आणि पुढच्या दिवाळीला तूप जागच्या जागी राहिलं. झुंबरबाईंना याहून मोठा पुरावा नको होता.

त्याआधी, सासूबाईंच्या दिवसांतच, मापाचं एक फुलपात्र दिसेना, आणि तेही नेमकं 'हौसा' कोरलेलं. दहाव्याच्या दिवशी, भावकी बसलेली असताना, हौसाबाई कोडोलीला परत निघाल्या. झुंबरबाई दारात आडव्या झाल्या.

"वन्सं, जायच्या आधी पिशवी उघडून दावा."

हौसाबाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि उघडली. आत दोन लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्या आणि आईचा एक जुना चष्मा. पिशवी बांधली, उंबरा ओलांडला, आणि त्यानंतर वीस वर्षांत त्यांनी बावड्याच्या त्या घरात पाऊल टाकलं नाही. झुंबरबाईंचं मत होतं, की फुलपात्र आधीच कुणाकरवी पोचवलं असणार.

पुढं झुंबरबाईंचे यजमान गेले, आकारामची भट्टीही थंडावली. आकाराम थकला होता आणि त्याच्या मुलानं तिथं मोबाईलचं दुकान काढलं. झुंबरबाई दुसऱ्या कुठल्याही भट्टीवर गेल्या नाहीत. आकाराम निदान ओळखीचा चोर होता. सात दिवाळ्या त्या घरात नानकटाई झाली नाही.

मग सून आली आणि ओव्हन आला. अनुजा राजारामपुरीची, मुलाची, उदयसिंहची, बायको. एका क्लासमध्ये नोकरी करत होती, ती सोडून तिनं घरातच भाजायला सुरुवात केली. खपली गव्हाची बिस्किटं, नाचणीचा केक, गुळातली शंकरपाळी. मैदा नाही, पांढरी साखर नाही. "आपल्या आज्ज्या जे खात होत्या त्येच, फक्त ओव्हनमधनं," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. झुंबरबाई आधी महिनाभर ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसल्या. आत काय चाललंय ते दिसतं म्हटल्यावर त्यांना ते यंत्र भट्टीपेक्षा बरं वाटलं. सुनेबद्दल मात्र त्यांचं अजून काही ठरलं नव्हतं.

दिवाळीला महिना राहिला तेव्हा अनुजानं सासूला जवळ बसवून विचारलं, "आत्या, तुमची ती नानकटाई मला सांगा. तुमच्या नावानं करूया. खपली आन् गुळाची, पण माप तुमचंच."

झुंबरबाईंनी माप सांगितलं. आठ, चार, तीन. वर चौथ्या फुलपात्राची हकिकतही सांगितली. अनुजानं वहीत लिहून घेतलं. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरीण बाईंनी दवाखान्यातल्या माणसांना द्यायला साठ खोकी सांगितली, फक्त आधी चव बघू म्हणाल्या. खोकी छापून आली. वर झोकदार अक्षरांत 'झुंबरबाईंची नानकटाई'. झुंबरबाईंनी आपलं नाव चार वेळा वाचलं आणि खोक्यांची चळत मोजून ठेवली.

आणि मग दुसऱ्याच आठवड्यात रेघ हलली.

झुंबरबाईंनी चष्मा पुसून बघितलं. तूप रेघेच्या चार बोटं खाली होतं. नवी रेघ ओढली. तीन दिवसांनी पुन्हा खाली. घरात नानकटाईचा तर तुकडा दिसत नव्हता. विचारलं की अनुजा म्हणायची, "करते आहे आत्या, जमतंय हळूहळू." दुपारी झुंबरबाई भजनाला जाऊन आल्या की स्वयंपाकघर धुऊनपुसून लख्ख, खिडक्या सताड उघड्या. धुऊनपुसून ठेवलेल्या गोष्टींचा झुंबरबाईंना फार संशय यायचा. शिवाय त्या आठवड्यात अनुजा दोनदा माहेरी जाऊन आली होती, पिशवी घेऊन.

त्यांना रात्र रात्र झोप लागेना. एकच विचार डोक्यात फिरायचा. सासूचं तूप कोडोलीला, सुनेचं राजारामपुरीला, आणि मधल्या मधे मी.

रविवारी सकाळी उदयसिंह पोहे खात असताना त्यांनी बरणी आणून टेबलावर आपटली.

"ह्यी रेघ बघ. आन् ह्ये तूप बघ. तुझ्या बायकूला इचार, राजारामपुरीत किती किलो पोचलं."

उदयसिंहच्या हातातला चमचा तसाच राहिला. अनुजा ओट्याशी उभी होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती माळ्यावर चढली आणि एक मोठा पत्र्याचा डबा खाली उतरवला. झाकण काढलं. आत वर्तमानपत्राच्या सात पुड्या होत्या, प्रत्येकीवर पेनानं तारीख.

"सात घाणे हैत आत्या," ती म्हणाली. "एक बी नीट झाला न्हाय. बघा की. दगड हैत. पयले तीन खपलीचे. मला वाटलं खपलीनं बिघडतंय, म्हणून पुढचे चार मैदा आन् पिठीसाखरेचे, तुमच्यागत. आच बदलली, वेळ बदलला, वेलदोड्याचं दुकान बदललं. माहेरी गेलते ती आईचा ओव्हन वापरून बघायला. पण तुपाचं माप मी बदललं न्हाय. तुमचं नाव हाय खोक्यावर. तुमचं माप मी कसं बदलू?"

झुंबरबाईंनी एक पुडी सोडली. नानकटाई उचलून टेबलावर मारली. टक्क आवाज आला आणि काही तुटलं नाही. दाताखाली धरली तर दाढेतून कळ गेली.

"तुम्ही मला चोर म्हणालात," अनुजा म्हणाली. "मी उद्यापासून ओव्हन बंद करते. डॉक्टरीण बाईंना फोन करून सांगते, जमत न्हाय म्हणून." आणि ती आतल्या खोलीत गेली.

उदयसिंह आईकडं नुसता बघत राहिला. झुंबरबाईंना ती नजर सहन होईना. भरल्या गल्लीत मार खाताना नऊ वर्षांच्या झुंबरला जे वाटलं होतं, ते आपण आज दुसऱ्याच्या लेकीला दिलं, हे त्यांना लख्ख कळलं. तरी स्वभाव जातोय कुठं! पुढच्याच क्षणी त्यांच्या मनात आलं, की माप माझं बरोबर आहे, सून खरं बोलतेय, तर मग खोटं बोललं कोण? उत्तर एकच होतं. आकाराम. तो नक्की त्यात काहीतरी मिसळत असणार, सोडा म्हणा, वनस्पती म्हणा, आणि आपल्याला कधी बोलला नाही.

त्या आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. माफी मागायची सवय नव्हती.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चप्पल घाल. चोराकडं जायचं हाय."

आकाराम मोबाईलच्या दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसला होता. दात गेलेले, हातांवर भट्टीचे जुने डाग. झुंबरबाईंना बघून तो उठायला लागला.

"या वैनी. दिवाळीचं भट्टीवर आलाय व्हय? भट्टी विझून लई वर्सं झाली."

"बसा. खरं सांगा आकारामदादा," झुंबरबाईंनी सरळ विषयालाच हात घातला. "माझ्या नानकटाईत काय घालत हुता? मी डोळ्यांत तेल घालून बसत हुती, तरी काय तरी घालत हुता."

आकाराम हसला, मग हसायचा थांबला. अनुजाकडं बघितलं, झुंबरबाईंकडं बघितलं.

"रागावणार न्हाय न्हवं? लई वर्सं सांगायचं ऱ्हायलंय."

"सांगा."

"घालत हुतो. एक फुलपात्र तूप. दर साली."

"कसलं तूप? वनस्पती?"

"साजूक. तुमच्याच घरचं."

आकारामनं गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश सांगितलं.

"तुमी पयल्यांदा यायच्या आदल्या दिवशी चिमणाकाकू आलत्या. तसल्या गुडघ्यांनी, देवळाच्या कठड्याला धरत. पदराखाली फुलपात्र. म्हणाल्या, आकाराम, सून तीनच आणणार हाय, डबा भरताना मी बघितलंय. हे चौथं. परातीच्या तळाला आधी घालून ठेव, तिला दिसू दिऊ नको. मी म्हणलं, काकू, सरळ सांगा की तिला, तीन फुलपात्रांत नानकटाई न्हाय हुत. तर म्हणाल्या, सांगितलं तर तिला वाटंल मी तिच्यावर पाळत ठेवली. ती पोर लोकांच्या पाळतीखालीच वाढल्याली हाय. माझ्या घरात तरी नको."

"पण मी बघत हुती..."

"तुमी डबा बघत हुता वैनी. तुमचा डबा. परात कोण बघतंय?"

बाजूच्या दुकानात कुणाच्या तरी मोबाईलची घंटा वाजत राहिली. साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. झुंबरबाईंना आठवली ती दर दिवाळीची दोन बोटं, मारुतीच्या देवळाकडं वळलेली सासूची पाठ. आणि "असंल बाई, हुशार हाईस तू."

"आत्या गेल्यावर?" त्यांनी विचारलं. "मग तर तूप कमी हुत नव्हतं."

"मग माझं घातलं. भट्टी चालली तवर. काकू सांगून गेल्याल्या. आन् खरं सांगू? तुमची नानकटाई दगड झाली असती तर लोकांनी तुमाला न्हाय, माझ्या भट्टीला नावं ठेवली असती."

पण काय करणार, त्या झुंबरबाईच होत्या. त्यांनी मान वर केली.

"खरं कशावरनं?"

"आत्या!" अनुजा म्हणाली.

आकारामला मात्र राग आला नाही. तो भिंतीला धरून आत गेला आणि थोड्या वेळानं काहीतरी जुन्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. "काकूंचं शेवटचं साल. फुलपात्र न्यायला त्या परत आल्याच न्हाईत. मी दहाव्याला आलतो तवा द्यायचं हुतं, पण तुमच्या दारात काय तरी गलका चालला हुता. तसाच माघारी फिरलो. मग ऱ्हाऊनच गेलं."

फडक्यात पितळेचं फुलपात्र होतं, काळं पडलेलं. झुंबरबाईंनी पदराच्या टोकानं त्याची कड घासली. ठिपके उजळले. हौसा.

त्या पायरीवरच बसल्या, आणि रडल्या. कुणी बघतंय का याची चौकशी न करता रडल्या. अनुजा आधी उभीच होती. सकाळचं तिच्या मनातून गेलं नव्हतं. मग ती शेजारी बसली, पण हात काही धरला नाही. झुंबरबाईंनाच तो धरावा लागला.

"मी तुला चोर म्हणाली," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. लई चुकलं. ओव्हन बंद करू नको."

"चार फुलपात्रं घालू?" अनुजानं विचारलं.

"चार घाल. काठोकाठ."

त्या दुपारी आठवा घाणा झाला. खपलीचं पीठ, गूळ, वेलदोडा आणि चार फुलपात्रं तूप, चौथं 'हौसा' कोरलेल्या फुलपात्रातून. झुंबरबाई काचेसमोर स्टुलावर बसल्या होत्या. नानकटाई फुलली, वर बारीक भेगा पडल्या, आणि घरभर तो वास सुटला जो सात वर्षं या घरात आला नव्हता. उदयसिंहनं गरमच तोंडात टाकली आणि जीभ भाजून घेतली. डॉक्टरीण बाईंचा होकार दुसऱ्या दिवशी आला.

"खोक्यावरचं नाव बदल," झुंबरबाई म्हणाल्या. "माझं न्हाय ते."

"छापून झालंय आत्या. साठ खोकी."

"मग खाली पेनानं लिव्ह. तूप चिमणाबाईंचं."

अनुजानं साठ खोक्यांवर तसं लिहिलं. झुंबरबाईंनी बरणीवरची रेघ ओल्या फडक्यानं पुसून टाकली. त्यानंतर दोन दिवस त्या सारख्या बरणीकडं बघत होत्या, आणि बोट दोनदा चुन्याच्या डबीपर्यंत जाऊन परत आलं.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्यांनी इरकली लुगडं नेसलं, पिशवी भरली आणि वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून एकट्याच कोडोलीला गेल्या. अनुजा सोबत येते म्हणत होती. त्यांनी नको म्हटलं. वाटेत जीपवाल्याला तीनदा विचारलं, की ही कोडोलीलाच जाते ना.

हौसाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पार पिकलेले, हात मात्र अजून चटपटीत. त्यांनी डोळ्यांवर हात धरून अंगणात बघितलं. ओळख पटली तरी हात थांबले नाहीत.

"कोण मेलंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाय वन्सं."

"मग कशाला आलीस? काय ऱ्हायलंय तुझं माझ्याकडं?"

"माझं काय न्हाय. तुमचं ऱ्हायलंय माझ्याकडं."

झुंबरबाई पायरीपाशी थांबल्या. वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं डोक्यातून उडालं होतं. चिमणाबाईंचं, आकारामचं, दोन बोटं तुपाचं, कुठून सुरू करावं ते कळेना. त्यांनी पायरीवर पाय ठेवला, आणि हौसाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"तिथंच थांब," त्या म्हणाल्या. "वर यायच्या आधी पिशवी उघडून दाव."

शेजारच्या ओसरीवरच्या दोन बायका काम थांबवून बघायला लागल्या. झुंबरबाईंनी पिशवी अंगणात जमिनीवर ठेवली, खाली वाकल्या आणि सगळ्यांच्या देखत उघडली. आधी नानकटाईचं खोकं काढून पायरीवर ठेवलं. मग घासून लख्ख केलेलं पितळेचं फुलपात्र काढलं, आणि नाव वन्संच्या बाजूला येईल असं फिरवून त्याच्याशेजारी ठेवलं.